अर्ध्या बोटाचा उतार

पहिला ठोका बसला तेव्हा माझ्या हातात कॉफीचा कप होता आणि तो हललासुद्धा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझी मुलगी रेनिटा अलीकडे फोनवर जो भेटेल त्याला सांगत असते की मम्माचे हात थरथरतात. कप हलला नाही. घर तापवणाऱ्या वाफेच्या जेवणघरातल्या रेडिएटरमध्ये कुणीतरी आतून घण घातल्यासारखा आवाज झाला, काचेच्या कपाटातल्या बशा किणकिणल्या, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "हा कोण?" त्रेपन्न वर्षं या घरात काढली आहेत. माझा नवरा हॉलिस आणि मी इथं आलो तेव्हा डेट्रॉईटच्या या गल्लीत आमच्यासारखी काळी दोनच कुटुंबं होती, आणि बाकीच्यांनी वर्षभरात घरं विकायला काढली. माणसं गेली, आवाज राहिले. थंडी पडली की सकाळी सहाला तळघरातल्या बॉयलरचा गॅस भप्प करून पेटतो. मग वीस मिनिटं काहीच नाही. मग भिंतीतले नळ कडकड बोटं मोडतात. मग एकेका रेडिएटरच्या कुशीला ती शेंगदाण्याएवढी हवेची तोटी असते ती सुस्कारते, जुनी थंड हवा बाहेर, नवी वाफ आत, आणि वाफ तिच्या तोंडाशी आली की टिक करून मिटते. आठ रेडिएटर, आठ सुस्कारे, आठ टिक. त्यांचा क्रमसुद्धा मला पाठ आहे. आधी पुढची खोली, मग स्वयंपाकघर, शेवटी वरची आमची झोपायची खोली, कारण ती सगळ्यांत लांब. या सगळ्यात ठोका कुठंच नव्हता. ठोका परका होता.

मला त्या क्षणी आमच्या चर्चचे जुने रेव्हरंड पेटवे आठवले, आणि त्याचं नवल नाही, मला दिवसातून चारदा ते आठवतात. पेटवेंचं प्रवचन असंच तळघरातून यायचं. सुरुवातीला इतकं हळू बोलायचे की मागच्या बाकावरचं तान्हं बाळ चोखणी चोखतंय तेही ऐकू यावं. वचन वाचायचे, चष्मा पुसायचे, कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी करायचे. नवख्या माणसाला वाटावं, हा म्हातारा आज काही पेटत नाही. आम्हा जुन्यांना माहीत असायचं, खाली पाणी तापतंय. मग कुठल्या तरी एका शब्दावर त्यांचा आवाज अडखळायचा, तिथंच सूर लागायचा, ऑर्गनवाला तो सूर अलगद उचलायचा, आणि बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं ते देवालाच ठाऊक. वाक्याच्या शेवटी ते श्वास ओढायचे, हा! आणि आम्ही त्या श्वासाच्या जागेत आमचं काय काय ओतायचो: हो प्रभू, सांगा रेव्हरंड, सावकाश, सावकाश. सावकाश हे आम्ही का म्हणायचो ते आताच्या पोरांना कळत नाही. आताचे पास्टर भले आहेत, पडद्यावर चित्रं दाखवतात, पहिल्या वाक्यापासून ओरडतात. मी जाते, टाळ्या वाजवते, त्यांच्यासाठी प्रार्थनाही करते. घरी आल्यावर मात्र पेटवेंची जुनी कॅसेट लावते, तेव्हा कुठं रविवार झाल्यासारखा वाटतो.

ठोका गेल्या बुधवारी बसला. शनिवारी रेनिटा अटलांटाहून आली, तोवर जेवणघर, पुढची खोली, वरच्या तिन्ही खोल्या, सगळीकडे दणादण सुरू होतं. तिनं आपल्या जुन्या खोलीतल्या रेडिएटरच्या नळाची चावी अर्धी बंद केली. या नळांत अर्धं काही चालत नाही, पुरतं उघड नाहीतर पुरतं मीट. अर्धी केल्यावर तर आतून कुणी लाथा घालतंय असं वाजायला लागलं. सकाळी उठून माझी लेक, पन्नाशीची बाई, कोट घालून जिन्यावर बसली होती. "मम्मा, हे घर एक दिवस उडणार आहे." "घर उडत नसतं, चिमण्या उडतात." "थट्टा करू नकोस." मग ती तळघरात गेली आणि पाचच मिनिटांत वर आली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, त्याहून वाईट काही होतं. माया होती. "मम्मा, त्या दाबाच्या डब्यावरचा काटा आठावर आहे. डॅडीनं भिंतीवर खडूनं लिहिलंय, दोनच्या वर नाही. हा कुणी फिरवला?" मी म्हटलं, "मी नाही." आणि ते मी खोटं बोलले नाही. मला आठवतच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी सिंककडे बघत राहिले, आणि आम्हा दोघींच्या मध्ये तो डॉक्टर येऊन उभा राहिला, वसंतातला, गोरा कोवळा, ज्यानं माझी स्मरणशक्ती तपासायला कागद देऊन सांगितलं होतं, मिसेस टॉलिव्हर, घड्याळ काढून दाखवा, अकरा वाजून दहा मिनिटं. मी काढलं. बारा आकडे, दोन काटे. वर त्याला विचारलंही, घड्याळ तुझ्या मनगटावर आहे, माझ्याकडून कशाला काढून घेतोस? तो हसला. रेनिटा हसली नव्हती.

सोमवारी जाण्याआधी तिनं सगळं ठरवून टाकलं. मिस्टर गर्स्की म्हणून एक ठेकेदार येऊन घर बघून गेला, जाड पुठ्ठ्याची निळी फाईल टेबलावर ठेवून गेला. बॉयलर काढायचा, आठही रेडिएटर तोडून भंगारात द्यायचे, भिंतींतून पत्र्याचे बोगदे न्यायचे आणि त्यांतून गरम वारा सोडायचा. शुक्रवारी दहाला सही. काम चालेल तोवर मम्मा अटलांटाला. "हिवाळाभरच," ती म्हणाली. मी शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं काढली आहेत. "हिवाळाभरच" म्हणून बंद केलेली किती दारं मी पाहिली आहेत ते तिला काय सांगू! ती जाताना मी तिच्या हातात रताळ्याच्या गोड 'पाय'चा डबा दिला. तिनं माझ्या गालाची पापी घेतली आणि म्हणाली, "मी तुझी वैरी नाही गं." मला माहीत आहे. वैरी असती तर सोपं होतं.

गुरुवारी पहाटे डोळे उघडले तेव्हा माझ्याजवळ एक दिवस होता. गाऊनवर कोट चढवला आणि तळघरात उतरले. इथला वास मला कधी घाबरवत नाही: ओला गंज, जुना कोळसा, साबण. हा बॉयलर एके काळी कोळसा खायचा, आमच्या आधीच्यांनी त्याच्या पोटात गॅसची शेगडी बसवली. कोपऱ्यात कोळशाची काळी सावली अजून भिंतीवर आहे. ज्योत बघितली, निळी. काचनळीत पाणी बघितलं, मध्यावर. हे मी दर शनिवारी करते, कॅसेट लावून, बादलीभर गढूळ पाणी खालच्या तोटीतून काढून टाकते, जसं हॉलिसनं शिकवलं. हॉलिस शाळांचे बॉयलर सांभाळायचा आणि चर्चमध्ये डीकन म्हणून सेवा करायचा, आणि या दोन नोकऱ्यांत त्याला फारसा फरक वाटत नसे. भिंतीवर त्याचं खडूचं अक्षर: २. पुढं नाही. त्याखाली दाबाचा राखाडी डबा, त्याच्या डोक्यावरचा स्क्रू, आणि तो काटा आठावर. रेनिटानं हात लावला नव्हता, पुराव्यासारखा तसाच ठेवला होता. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला वळले आणि कोटाच्या खिशात हात घातला, तर तो तिथंच होता. लाल मुठीचा. तो माझ्या मुठीत आला आणि मला सगळं आठवलं, एकदम, कुणी दिवा लावावा तसं. बुधवारची संध्याकाळ, जेवणघर गार, ठोके चालूच, आणि मी हाच कोट घालून इथं उभी, स्वतःशी म्हणत होते, जोर कमी पडतोय, जोर वाढव. फिरवत गेले. हातानं फिरवलं आणि डोक्यानं पुसून टाकलं. मी बादली उलटी करून तिच्यावर बसले. थंडीनं नाही, पण माझे हात त्या वेळी हलत होते. ते इथं लिहिते, कारण वर कपाबद्दल लिहिलं आहे.

मग मला राग आला, आणि राग आला ते बरं झालं. माणूस बहात्तराव्या, शहात्तराव्या वर्षी एखादी गोष्ट विसरतो म्हणून त्याला त्याच्या घरातून उपटायचं? रेनिटानं सतराव्या वर्षी गाडीची किल्ली आइस्क्रीमच्या डब्यात ठेवली होती. तिला कुणी घड्याळ काढायला लावलं नाही. आणि विसरण्यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती, ती मला एकटीलाच कळत होती: जोर वाढवला की वाफ जास्त येते असं मी समजले. मी! जिनं चाळीस वर्षं सावकाश, सावकाश म्हणून रेव्हरंड पेटवेंना आवरलं! हॉलिस हसला असता. तो म्हणायचा, व्हीनी, वाफ ही ढकलायची गोष्ट नाही, तिची वाट मोकळी ठेव, ती आपण होऊन येते. मी काटा पुन्हा दोनवर आणला. "हा मीच फिरवला होता," मोठ्यानं म्हटलं. बॉयलरनं ऐकून घेतलं.

वर आले. सहा वाजले, भप्प झालं, मी जेवणघरात खुर्ची ओढून बसले, डोळे मिटून, चर्चमध्ये बसते तशी. सुस्कारे आले. मग ठोका आला. आधीपेक्षा हलका, पण होता. म्हणजे चूक एक माझी होती आणि एक आणखी कुणाची तरी. मी उठले आणि खोलीखोलीत जाऊन उभी राहिले. पुढच्या खोलीतले दोन्ही वाजत होते. जिना चढले. रेनिटाच्या खोलीतला वाजत होता, शिवणाच्या खोलीतला वाजत होता, आमच्या खोलीतला तर खोकला झाल्यासारखा खोऽक खोऽक करत होता. न्हाणीघरात गेले. न्हाणीघरातला रेडिएटर गप्प. सुस्कारला, टिक, मिटला, ऊब द्यायला लागला. खाली स्वयंपाकघरात परत आले. तोही गप्प. सहा ओरडतात, दोन गप्प. न्हाणीघराला फरशी, स्वयंपाकघराला लिनोलियम. बाकी सगळीकडे लाकूड. आणि लाकडी जमिनी गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून रेनिटानं तासून, चमकवून घेतल्या होत्या, त्यासाठी सहा रेडिएटर उचलले होते, आणि ते परत बसवले होते थेरॉननं.

थेरॉन माझा थोरला भाऊ. ऐंशीचा आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो. मोटारींच्या कारखान्यात साचे बनवणाऱ्यांच्या खोलीत अडतीस वर्षं होता, त्या खोलीत पाऊल ठेवणारा पहिला काळा माणूस. केसाच्या दहाव्या हिश्शाइतकं माप तो बोटानं सांगायचा. बाकीच्यांचं काम एकदा तपासायचे, त्याचं दोनदा. त्याची पाणसळ माझ्याकडेच राहिली होती, पितळी कडांची, मखमलीच्या डब्यात. ती घेऊन मी जेवणघरातल्या रेडिएटरच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये, रांगेत उभ्या शाळकरी मुलीसारखा. मग न्हाणीघरात नेऊन ठेवली. बुडबुडा भिंतीकडे पळाला. तो रेडिएटर वाकडा होता. नळाकडे कललेला, अर्धं बोट असेल नसेल. खाली बसून पाहिलं तर लांबच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी, रंगाच्या पाच थरांखाली गाडलेल्या. हॉलिसच्या. तेव्हा मला त्याचं बोलणं जसंच्या तसं ऐकू आलं, लग्नानंतरचा पहिला हिवाळा, मी पोटुशी, तो जमिनीवर पालथा पडून पाचर ठोकतोय आणि सांगतोय की या घराला नळ एकच. वाफ त्याच वाटेनं वर येते आणि पाणी होऊन त्याच वाटेनं परत जाते. रेडिएटरनं तिकडं थोडं वाकायला पाहिजे, म्हणजे पाणी अडून राहत नाही. अडलं की येणारी वाफ त्याच्यावर आपटते. मी तेव्हा ऐकत नव्हते, त्याच्या मानेवरचा घाम बघत होते.

मी फोन केला. "थेरॉन, ती लांब पहार घेऊन ये."

"सकाळी साडेसातला? कुणाचं डोकं फोडायचंय?"

"तुझंच. पण आधी नाश्ता दे म्हणशील, म्हणून अंडी ठेवलीत."

आला. दारात बूट झटकले, जमिनीच्या चमकेकडे बघून शीळ घातली. पाणसळ मी पुन्हा जेवणघरात आणून ठेवली होती, तिच्याकडे बोट केलं. तो वाकला, चष्मा कपाळावर चढवला. "बघ बघ. मध्यात. माझा बुडबुडा मध्यातच असतो, व्हीनी. तुझ्या नवऱ्यानं पायाखाली लाकडाचे तुकडे कोंबले होते, देव त्याला सुखात ठेवो, पण कामाची घाईच फार त्याला." त्याच क्षणी रेडिएटरनं ठोका दिला. थेरॉन दचकला. "बॉयलर गेलाय तुझा," तो म्हणाला. "वर चल," मी म्हटलं. न्हाणीघरात तीच पाणसळ नेऊन ठेवली. त्यानं बुडबुडा बघितला आणि तो चुकचुकला. "हे बघ. हॉलिस टॉलिव्हरची कारागिरी. डोळे मिटून बसवलंय." "हं. आता ऐक." "काय ऐकू? इथं काही वाजतच नाहीये." खालून जेवणघराचा ठोका आला, मग पुढच्या खोलीचा, मग भिंतीपलीकडून आमच्या खोलीचा. थेरॉन टबाच्या काठावर बसला. तो हुशार आहे, लहानपणापासून माझ्याहून हुशार, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. बराच वेळ तो हातातल्या चष्म्याची दांडी उघडत आणि मिटत होता. मला पळून जावंसं वाटलं. गर्स्कीच्या कागदावर सही करून टाकावी, बॉयलर म्हातारा झाला म्हणावं, सगळ्यांची अब्रू राहील, थेरॉनचीही. हे सगळं एका श्वासात मनात आलं आणि तेवढ्याच श्वासात गेलं.

"अडतीस वर्षं," तो म्हणाला. "दोनदोनदा तपासलं त्यांनी. एकदा चूक सापडली नाही."

"इथंही मापात चूक नाहीये. माप पक्कं आहे. फक्त रेडिएटरला ते नको होतं."

"गोड बोलू नकोस. मला मधुमेह आहे."

"बरं. मग ऐक. तू माझं घर बिघडवलंस, म्हाताऱ्या गाढवा, आणि मी दाबाचा स्क्रू फिरवून आणखी बिघडवलं आणि रेनिटाला म्हटलं मी नाही. पाचरी कुठं टाकल्यास?"

"कचऱ्यात." तो हसायला लागला, खांदे हलेपर्यंत. "वर थुंकलोसुद्धा होतो."

लाकडाचे तुकडे घरात सापडेनात. थेरॉनला मापाचं लाकूड कापून आणायचं होतं, पॉलिश करून, बहुतेक वार्निशही लावून. मी म्हटलं, शुक्रवार उद्या आहे. मग बशांच्या कपाटाच्या खालच्या खणातून डॉमिनोंचा डबा काढला. हॉलिसचा संच, हाडासारख्या पांढऱ्या जाड सोंगट्या, ज्यांवर त्यानं आणि थेरॉननं चाळीस वर्षं एकमेकांना शिव्या दिल्या. एक सोंगटी म्हणजे बरोबर अर्धं बोट. थेरॉननं ती बोटांत धरली, दाबून पाहिली, आणि पहिल्यांदाच मापाबद्दल काही बोलला नाही. दिवसभर आम्ही ते केलं. तो पहार घालून रेडिएटरचा लांबचा पाय उचलायचा, मी पालथी पडून सोंगटी सरकवायची. दोन म्हातारी जमिनीवर, एक कण्हतोय आणि एक ओरडतेय, "सोडू नकोस, माझी बोटं आत आहेत!" "कुठली बोटं, थरथरणारी का?" "थेरॉन, मी मेले तर भूत होऊन तुझ्याच घरी येईन." "ये ना, माझ्याकडे गरम वारा आहे." सहा रेडिएटर, बारा पाय, बारा सोंगट्या. दुपारी कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचं कॉर्नब्रेड खाल्लं आणि पुन्हा पालथे पडलो.

आणि तसं पालथं पडल्या पडल्या, गाल नव्या पॉलिशवर टेकलेला, माझ्या डोक्यात पेटवेंचं एक प्रवचन फिरत राहिलं. बायबलमधल्या भट्टीचं. राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढं सगळा देश वाकतो आणि तीन माणसं उभी राहतात, भट्टीत टाकतील हे माहीत असून. "नाही वाकले!" पेटवे म्हणायचे, आणि श्वास ओढायचे, आणि आमची बायकांची अख्खी रांग उभी राहायची, कारण वाकायचं काय असतं ते त्या रांगेत प्रत्येकीला माहीत होतं, बसमध्ये, दुकानात, खानावळीच्या मागच्या दाराशी. मी त्या प्रवचनावर वाढले. ते माझ्या हाडांत आहे. आणि आता मी माझ्या रेडिएटरांना वाकवत होते, आणि ते वाकल्याशिवाय गप्प बसणार नव्हते. मला ते खुपत होतं. मी त्याच्याशी भांडत होते. मग रेनिटाच्या खोलीतल्या रेडिएटरखाली सोंगटी सरकवताना आठवलं की ती तिघं रोज वाकत होतीच. मूर्तीपुढं नाही, आपल्या खोलीत, गुडघ्यांवर, जिथून त्यांना जीव येत होता त्या दिशेला. पेटवेंनी हे कधी सांगितलं होतं का? नसेल. त्यांनी सांगायची गरज नव्हती. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला ते स्वतः सतरंजीवर गुडघे टेकून असत, बुटांचे तळवे आमच्याकडे. प्रत्येकापुढं वाकणं वेगळं आणि आपल्या नळाकडं कलणं वेगळं. थेरॉनला मी हे सांगितलं नाही. तो म्हणाला असता, प्रवचन नंतर, आधी बोटं काढ.

शुक्रवारी दहाला मिस्टर गर्स्की आला. जाडजूड, लाल नाकाचा, भला माणूस. निळी फाईल टेबलावर होतीच. रेनिटा फोनवर, फोन मोठ्या आवाजावर फळांच्या टोपलीला टेकवलेला. थेरॉन कोपऱ्यात हाताची घडी घालून.

"मिसेस टॉलिव्हर, यंत्राचं पण वय असतं," गर्स्की म्हणाला. "म्हातारं झालंय ते."

"मीही झालेय. मला कोण भंगारात देणार?"

"मम्मा," फोनमधून आवाज आला.

"थांब रेनिटा. आधी मला एक सांगायचंय. तो काटा मीच फिरवला होता. गेल्या बुधवारी, स्क्रूड्रायव्हरनं. आणि विसरले. तुला मी नाही म्हटलं तेव्हा मला खरंच आठवत नव्हतं. काल आठवलं. आता दोनवर आहे." फोनमध्ये, अटलांटात कुठं तरी एक गाडी हॉर्न वाजवून गेली. ती आता काय बोलेल ते मला कळत होतं आणि मला त्याची भीती वाटत होती, पण खोटं बोलून राखलेल्या घरात मला झोप लागली नसती. "विसरले, हे एक," मी म्हटलं. "दुरुस्त केलं, हे दुसरं. दोन्ही लिहून ठेव. मिस्टर गर्स्की, त्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा वाढवा. घर तापू द्या."

खाली भप्प झालं. वीस मिनिटं चौघांनीही काही केलं नाही. गर्स्कीनं घड्याळाकडे पाहिलं, थेरॉननं गर्स्कीकडे. मग नळांनी बोटं मोडली. पुढची खोली सुस्कारली, टिक. स्वयंपाकघर, टिक. जेवणघरातला आमच्या कोपराशी सुस्कारत राहिला, लांब, खूप लांब, कपाटातल्या बशांकडं माझी नजर, आणि टिक. बशा हलल्या नाहीत. गर्स्की उठला, हात लावून पाहिला, मग वाकून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. "डॉमिनो?" "दुहेरी सहा," थेरॉन म्हणाला. "तो मी तिथं मुद्दाम ठेवलाय." गर्स्की म्हणाला, "माझा बाप दगडी पाटीचे तुकडे घालायचा." आणि परत बसून त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

वरच्या खोल्या एकेक करून मिटत गेल्या. रेनिटाची. शिवणाची. न्हाणीघर. आणि शेवटी, सगळ्यांत लांबची, आमची: ठक्. हलकासाच. पण होता.

"तो बघ!" फोन म्हणाला. "मम्मा, मी ऐकलं. आला आवाज." तिच्या स्वरात जिंकल्याचा आनंद नव्हता, रडू होतं, आणि त्याच रडण्याची मला चीड आली. गर्स्कीनं हळूच पेन टेबलावर ठेवलं. थेरॉन जमिनीकडे बघत म्हणाला, "तिथं जमीनच खचलीय, व्हीनी. एक सोंगटी कमी पडते आणि दोन जास्त होतात. अर्धी हवी. सोंगटी मी कापणार नाही." बरोबर होतं. पन्नास वर्षं आमचा मोठा पलंग त्या बाजूला होता.

मी फाईल उचलली. चांगला जाड पुठ्ठा, आत बारा पानं, शेवटच्या पानावर सहीसाठी मोकळी रेघ. घडी घातली, पुन्हा घातली, टाचेखाली धरून दाबली. बरोबर सोंगटीच्या निम्म्याएवढी.

"मॅडम, ती माझी—" गर्स्की म्हणाला.

"तुमच्याकडे दुसरी असेलच. थेरॉन, पहार घे."

जिना चढताना मी कठड्याला हात लावला नाही. थेरॉननं पाय उचलला, मी पालथी पडले, फाईल दोन्ही सोंगट्यांखाली ढकलली. तिची निळी कड तेवढी बाहेर राहिली. मग उठून मी पलंगाजवळची खिडकी उघडली, पुरती, पडदे बाहेर उडाले, नोव्हेंबरचा वारा सरोवरावरून आला तसा आत घुसला. खोली गार होऊ दे. रेडिएटर गार झाला की वाफेला पुन्हा सुरुवातीपासून येऊ दे. मी फोन वर मागवून घेतला. गर्स्कीच घेऊन आला, टोपी अजून हातातच.

"मम्मा, हा वाऱ्याचा आवाज कसला? तू खिडकी उघडलीस? थंडीत?"

"उघडली. तू फोन ठेवू नकोस."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. मिस्टर गर्स्की, बसा त्या खुर्चीवर, ती मजबूत आहे." मी पलंगाच्या कडेला बसले, रेडिएटरकडे तोंड करून, आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत गुणगुणायला लागले. खाली भप्प झालं.